थेटरावांनी लावलेले दिवे

थेटरावांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे. पण ती पाटी वाचायला कोणी थांबत नाही. थांबलं की दार उघडतं, आणि दार उघडलं की थेटराव काहीतरी समजावून सांगतात. तोंडावर त्यांना सगळे काका म्हणतात. माघारी थेटराव. हे नाव त्यांना कोणी चिकटवलेलं नाही, त्यांनी ते कष्टाने मिळवलेलं आहे.

त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व एकच: मध्ये कोणी नको. दलाल, अडते, एजंट, सल्लागार, वशिला लावणारे, 'मी बोलतो त्यांच्याशी' म्हणणारे, हे सगळे मधल्या मध्ये मलई खातात, आणि शहाण्या माणसाने थेट मुळाशी जावं. या तत्त्वाला अनुसरून त्यांनी घर घेतलं ते एजंटाला वगळून, मालकाकडून. मालकाने त्यांना सगळं खरं सांगितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पुढच्या वर्षी भिंत उभी राहणार आहे, तेवढं सांगायचं राहिलं. एजंट असता तर त्यानेही ते लपवलंच असतं, पण निदान शिव्या द्यायला एक माणूस मिळाला असता. गुडघा दुखू लागला तेव्हा नेहमीच्या डॉक्टरला वगळून ते मोठ्या तज्ज्ञाकडे गेले. बराच वेळ ताटकळून आत गेल्यावर तज्ज्ञ कानाचे निघाले. थेटरावांनी कान तपासून घेतले. आलोच आहोत तर, म्हणाले. एकदा घाऊक बाजारातून बटाटे आणले. घाऊक बाजारात पोत्याच्या खाली बोलणी होत नाहीत. ते पोतं पलंगाखाली गेलं, आणि काही आठवड्यांनी पलंगाखालून कोंब डोकावू लागले तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "आता यांना पाणी घालायचं की काढून टाकायचे, तेवढं सांगा."

अशा माणसाने पोटासाठी काय केलं असेल? तर तो एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात होता. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, आतल्या टेबलावर द्यायचा. आतून आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, बाहेर धाडायचा. या सगळ्यात मधला माणूस कोण, हा प्रश्न त्यांना निवृत्त होईपर्यंत पडला नाही, आणि आम्हीही कधी विचारला नाही. एका जिन्यात राहायचं असतं.

काकू वेगळ्या मातीच्या. वयाने त्या थेटरावांपेक्षा बऱ्याच लहान, आणि अजून कामावर. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी त्या घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतात. पहाटे, म्हणजे लोक उपाशी आणि चिडलेले असताना. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, मूठ वळायला सांगायची, बोटाने शीर चाचपायची आणि त्याच वेळी पेशंटला त्याच्या जावयाबद्दल काहीतरी विचारायचं, ही त्यांची पद्धत. जावयाचा विषय निघाला की माणसाला सुईचं भान राहत नाही. "झालं? कधी?" असं तो विचारतो तेव्हा नळीवर चिठ्ठी चिकटवून ती शीतपेटीत गेलेली असते.

इतकं करून काकू वीसेक वर्षं रोजंदारीवरच होत्या. रोज सकाळी काम संपलं की लॅबमधून कोणीतरी म्हणायचं, "उद्या या हं ताई." म्हणजे 'उद्या येऊ नका' असंही कोणी कधीही म्हणू शकत होतं. तसं कोणी म्हणालं नाही, पण वीस वर्षं रोज ते ऐकायची तयारी ठेवून घरी येणं हेही एक कामच असतं, आणि त्याचा पगार नसतो.

मग लॅबच्या मालक असलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. डॉक्टरीणबाई फार बोलत नाहीत; त्यांचं निम्मं बोलणं भिंतीवरचं घड्याळ करतं.

"ताई, टेकडीवरची वस्ती सुरू करतेय. महिनाभर तुम्ही करून बघा. आठच्या आत नमुने इथे पाहिजेत. जमलं तर तो भाग तुमचा आणि नोकरी कायम. नाही जमलं तर त्याला देते."

'तो' म्हणजे लॅबचा दुसरा नमुने घेणारा. स्कूटरवर फिरतो, आणि हेल्मेट काढायचा कंटाळा असल्यामुळे आतही ते घालूनच वावरतो. पेशंट त्याला हेल्मेटवाला म्हणतात. अनेकांनी त्याचा चेहरा पाहिलेला नाही.

टेकडीचा चढ लक्षात घेऊन काकूंनी विजेवरची सायकल घेतली. सायकल गुणी होती. दोष एकच, तिचे दिवे. पुढचा आणि मागचा दिवा आपापली इवलीशी बॅटरी पोटात घेऊन आले होते आणि ते रोज सुटे काढून वेगळे चार्जिंगला लावावे लागायचे. म्हणजे रात्री आधी सायकलची मोठी बॅटरी वर आणून लावा, मग मोबाइल लावा, मग हे दोन लाडके लावा. पहिल्याच आठवड्यात एकदा पुढचा दिवा लावायचा राहिला. टेकडीच्या रस्त्याला खांब आहेत, खांबांवर दिवे नाहीत. काळोखात चाक खड्ड्यात गेलं, काकूंचं कोपर सोललं. शीतपेटी त्यांनी छातीशी धरली म्हणून वाचली.

परतताना त्या सायकलच्या दुकानात गेल्या.

"एवढी मोठी बॅटरी खाली बसलीय आणि दिवा वर उपाशी मरतोय. तिच्यावरच नाही का चालत तो?"

"चालतो की," दुकानदार म्हणाला. "फक्त मध्ये एक डबी बसवावी लागते. बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची, तारेवरचा दिवा बाराचा. डबी अठ्ठेचाळीसचे बारा करून देते. चहा पिऊन होईपर्यंत बसवून देतो."

"उद्या येते," काकू म्हणाल्या आणि घरी येऊन त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं तेवढंच चुकलं.

"मध्ये?" थेटराव म्हणाले.

"हो. बॅटरी आणि दिवा यांच्या मध्ये."

"आणि ती डबी हे फुकट करते?"

"म्हणजे?"

"गरम होते ना ती? होणारच. म्हणजे थोडी वीज मधल्या मध्ये स्वतः खाते. ती तिची दलाली!"

"अहो, डबी आहे ती. दलाली खाऊन तिला काय मुलींची लग्नं करायचीत?"

"अगं, बॅटरी आपली, दिवा आपला. तिसऱ्याचं काम काय? तू माझ्यावर सोड."

काकूंनी सोडलं. त्यांना पहाटे उठायचं होतं, आणि पहाटे उठणाऱ्या माणसाकडे वाद घालायला संध्याकाळ उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी थेटरावांनी बॅटरी जेवणाच्या टेबलावर घेतली. तिच्यावर एक चिठ्ठी होती: हे सील तोडल्यास हमी रद्द होईल. सील म्हणजे ग्राहक आणि त्याची वस्तू यांच्या मध्ये कंपनीने बसवलेला माणूस, असं म्हणून त्यांनी ते सोलून काढलं. आत तेरा कप्पे एकापुढे एक जोडलेले. एकेकाची ताकद चार व्होल्टांच्याही आतली, पण तेराही जण मिळून अठ्ठेचाळीसचा भार उचलतात. हे पाहिल्यावर थेटरावांना जे सुचलं ते दुकानदाराला सात जन्मांत सुचलं नसतं, कारण त्याला बॅटऱ्या कशाने मरतात ते माहीत होतं. अठ्ठेचाळीसचे बारा करायचेच कशाला? तेरातल्या तिघांची बेरीज बाराच्या आसपास होतेच. मग तळाच्या तीन कप्प्यांना तार जोडा, ती दिव्यापर्यंत न्या, संपलं.

त्यांनी जुना सुटा दिवा कपाटात टाकला, बारा व्होल्टचा नवा आणला आणि तसंच केलं. मध्ये फ्यूज घातला नाही. बटणही घातलं नाही; सीटच्या मागे एक पिन ठेवली, ती खोचली की दिवा लागे, उपसली की विझे. बॅटरीत एक छोटी पट्टी रखवालदारासारखी बसलेली असते. कुठलाही कप्पा फार रिकामा झाला की ती वीज तोडते. थेटरावांची तार तिलाही वळसा घालून गेली.

दिवा लागला तो असा लख्ख की पार्किंगमध्ये झोपलेल्या मांजराने बिऱ्हाड हलवलं. थेटरावांनी सगळ्यांना खाली बोलावून प्रात्यक्षिक दिलं. आमच्यातल्या एकाला नको तिथे शंका यायची सवय आहे.

"काका, तुम्ही तिघांकडून दिवा घेतलात. बाकीचे दहा तेव्हा काय करतात?"

"ते सायकल ओढतात."

"आणि हे तिघे?"

"तेही ओढतात."

"म्हणजे हे तिघे सायकल पण ओढणार आणि दिवा पण लावणार?"

थेटराव हसले. असं हसू कार्यालयात, अर्ज घेऊन चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं. "विजेचं असतं ते," म्हणाले. "घरगुती हिशेब तिथे चालत नाही."

पहिले काही दिवस सुखाचे गेले. काकू आठच्या बऱ्याच आधी लॅबमध्ये पोहोचत. दिव्याला वेगळं चार्जिंग नको, खड्डे आधीच दिसत. त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही, "या खेपेला बरं केलंत हं तुम्ही." हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कौतुक झालं की थेटराव काम वाढवतात. त्यांनी मागचा लाल दिवाही त्याच तारेवर घेतला. मग दोन्ही बाजूंना एकेक पिवळा, वळताना दिसावा म्हणून. मग नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून शीतपेटीवर एक वाकडी मान असलेला. मग मोबाइल चार्ज करायची सोय. हे सगळं त्याच तिघांच्या खांद्यावर. काकू पहाटे निघत तेव्हा एखादी वरात चुकून एकटीच निघाल्यासारखी दिसे.

मग सायकल दमायला लागली. आधी शेवटच्या घरापाशी, मग त्याच्या आधीच्या घरापाशी. पडद्यावर बॅटरी निम्म्याहून जास्त दिसायची आणि मोटर चढावर हुंदका देऊन बसायची.

"तू ब्रेक फार मारतेस," थेटराव म्हणाले.

"चढावर?"

"मग सामान फार नेत असशील."

"तेच नेते. नळ्या, सुया, कापूस, पेटी. आणि तुमचे दिवे."

"दिव्यांना वजन नसतं." त्यांनी काकूंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं जरा वाढलंय का?"

 दुसऱ्या दिवशी काकूंनी डबा नेला नाही. त्याने सायकलीत काही फरक पडला नाही.

एका सकाळी त्या आठनंतर पोहोचल्या. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, घड्याळ बोललं. काही दिवसांनी दुसऱ्यांदा उशीर झाला, आणि तो मात्र सगळ्या रस्त्याने पाहिला. टेकडीच्या मधोमध मोटर कायमची थांबली. रखवालदार पट्टीने वीज तोडली होती. पण दिव्यांची तार तिच्या हुकमाखाली नव्हतीच. त्यामुळे सायकल मेलेली आणि दिवे जिवंत, असा तो देखावा. काकू दोन्ही हातांनी ती अवजड सायकल ढकलत वर चालल्या आहेत, पुढे झगझगीत, मागे लाल, बाजूंना पिवळे लुकलुकताहेत, आणि पेटीवरचा वाकडा दिवा त्यांच्या घामाघूम तोंडावर उजेड पाडतोय. पिन सीटच्या मागे होती आणि हात सोडला तर सायकल उतारावरून खाली जाणार होती. फिरायला निघालेल्या दोघांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांना वाटलं कसलीतरी जाहिरात आहे.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. "ताई, आणखी एकदा असं झालं तर मला विचार करावा लागेल."

काकू घरी आल्या आणि त्यांनी घडलं ते सांगितलं. थेटरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि दिवे? मोटर गेल्यावर दिवे चालू होते?"

"होते."

"सगळे?"

"सगळे."

"बघ!" थेटराव म्हणाले.

काकूंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. "उघडा ती बॅटरी. माझ्यासमोर."

टेबल पुसलं गेलं. थेटरावांनी आपला मीटर आणला. हा मीटर ते डॉक्टरने स्टेथोस्कोप घालावा तसा गळ्यात घालतात. वरच्या बाजूने एकेका कप्प्याला टोचत ते आकडे सांगू लागले. पहिला ठीक. दुसरा ठीक. दहावा होईपर्यंत त्यांच्या आवाजात कंपनीबद्दल नापसंती होती, पण घबराट नव्हती. अकराव्याला ते थांबले. मीटरची टोकं पुसून पुन्हा लावली. मग बारावा, मग तेरावा. मग मीटर बंद करून चालू केला.

"काय?" काकू म्हणाल्या.

"कंपनीने तीन कप्पे खराब दिलेत."

"कुठले तीन?"

"तळाचे."

"आणि दिव्याची तार कुठे जोडलीत?"

समोर भिंत असलेल्या त्या खिडकीतून बाहेर पाहायला काही नव्हतं, तरी थेटरावांनी पाहिलं.

"मी विचारतेय, तार कुठे जोडलीत?"

"तळाच्या... तिथेच. पण त्याचा याच्याशी—"

"रोज एकाच शिरेतून रक्त काढलं तर काय होतं माहितीय?" काकूंचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "हात काळा पडतो. मग ती शीर सापडतच नाही. म्हणून आम्ही आज उजवा हात घेतो, उद्या डावा. तुम्ही तिघांनाच रोज टोचलंत, आणि रात्री भरायच्या वेळी?"

रात्रीचं काय व्हायचं ते थेटरावांना आता मीटरशिवायही दिसत होतं. बाकीचे दहा भरले की चार्जरला वाटे काम झालं. तो हिरवा दिवा दाखवून थांबे, आणि तिघे अर्धपोटी झोपत. सकाळी पुन्हा तेच आधी रिकामे, आणि त्यांच्यापायी सगळी बॅटरी रिकामी ठरे. पट्टी तिघांना वाचवायला मोटर तोडे, तर दिवे पट्टीला वळसा घालून त्यांचं उरलंसुरलंही पिऊन टाकत.

"माझं वजन वाढलंय म्हणालात," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

दुकानदाराला फोन केला. हमी सीलबरोबर सोलली गेली होती. नवीन बॅटरी दोन दिवसांनी येणार होती. काकूंनी कपाटाच्या तळातून जुना सुटा दिवा काढला, चार्जिंगला लावला आणि गजर नेहमीपेक्षा खूप आधीचा लावला.

"मोटर नसली तरी पायडल आहे ना तिला," म्हणाल्या. "मारीन."

"मी डॉक्टरांशी थेट बोलू का?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या, "झोपा."

त्यांनी हे ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि बरी संपली असती. पण सकाळी काकू कधीच्या निघून गेल्यावर थेटरावांना राहवेना. बायकोला उशीर होणारच. तर निदान त्याचं शास्त्रशुद्ध कारण डॉक्टरांपर्यंत आधी पोहोचावं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि लॅब गाठली. काउंटरवरच्या मुलीने "नाव काय, कोणती तपासणी?" विचारलं. काउंटर हा मध्यस्थ असल्यामुळे त्यांनी उत्तर दिलं नाही आणि आत शिरले.

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?"

"हो, पण—"

"बाही वर करा."

"मी रक्त द्यायला नाही आलो, खुलासा द्यायला आलोय. ताईंचा मी... घरचा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"आज तिला उशीर होईल," थेटराव म्हणाले. "कारण पूर्णपणे तांत्रिक आहे. बॅटरीत असं असतं बघा, की एकूण तेरा कप्पे—"

"म्हणजे नमुने आठच्या आत येत नाहीयेत?"

"बॅटरी निकामी झालीय ना. तर हे तेरा कप्पे ओळीने—"

"सायकल चालतेय का नाही?"

"तत्त्वतः चालते. पण त्या चढावर, मोटरशिवाय, या वयात..." त्यांनी हात पसरून चढ दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे तोंड करून हाक मारली. हेल्मेटवाला आत आला.

"उद्यापासून टेकडीवरची वस्ती तू बघ."

"अहो, असं काय करता!" थेटराव म्हणाले. "मी अजून तिसऱ्याच कप्प्यापर्यंत आलोय!"

ते पाचव्या कप्प्यापर्यंत पोहोचले असतील-नसतील, तेव्हा दार उघडलं. काकू होत्या. पदर खोचलेला, केस कपाळाला चिकटलेले, तोंड तापलेल्या तव्यासारखं लाल. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. आठाला अजून अवकाश होता.

"ताई, तुम्ही आलात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग कुठे जाणार?"

"नाही, तुमचे मिस्टर म्हणाले की..."

काकूंना कोपऱ्यातले थेटराव तेव्हा दिसले. एका बाहीचं बटण सोडलेलं, ओळखीचा इस्त्रीचा शर्ट. मग बाजूला उभा हेल्मेटवाला दिसला. काय झालं असेल ते त्यांना विचारावं लागलं नाही.  त्या पेटी उघडून एकेक नळी काढून लाकडी स्टँडात लावू लागल्या.

"आज वेळेत आलात, ते ठीक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उद्याचं काय? परवाचं काय? बॅटरी अशी दगा देणार असेल तर मी कशाच्या भरवशावर वस्ती तुमच्याकडे देऊ? झालंय काय तिला?"

"यांना विचारा," काकू म्हणाल्या. "आलेच आहेत."

थेटरावांनी घसा साफ केला. "तार अयोग्य ठिकाणी जोडली गेल्याचं निदर्शनास आलेलं आहे."

"कोणी जोडली?"

"जोडण्यात आली होती."

"तुमच्या घरात काय रात्री कोणी येऊन तारा जोडून जातं?"

हेल्मेटच्या आत कोणीतरी हसलं.

थेटरावांनी काकूंकडे पाहिलं. कदाचित त्या सावरून घेतील, असं वाटलं असेल. आजवर त्यांनीच सावरलं होतं. काकूंचं लक्ष स्टँडात होतं. एक नळी भोकात जात नव्हती. काचेचा लाकडाला टकटक आवाज येत होता. झोपलेल्या बाळाच्या हातातली शीर पहिल्या टोचणीत पकडणाऱ्या बाईचा हात थरथरत होता, कारण त्या हाताने सगळा चढ हँडल आवळून धरलं होतं. तळव्याला फोड आले होते. काकूंनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, आणि नळी आत घातली.

"मी जोडली," थेटराव म्हणाले.

या वाक्यामागून पुढचं वाक्य येईल म्हणून सगळे थांबले. ते आलं नाही.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवीन बॅटरी आली की तिलाही जोडाल?"

"नाही. दुकानदार डबी बसवेल."

"आणि तुम्ही?"

"मी हात लावणार नाही."

"बॅटरीला?"

"सायकललाच," थेटराव म्हणाले. एकदा मुळाशी जायचं ठरवलं की ते अर्ध्यावर थांबत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. "नवीन बॅटरी येईपर्यंत?"

"पायडल मारीन."

"चढ आहे, ताई."

"आज नव्हता का?"

डॉक्टरीणबाईंनी हेल्मेटवाल्याला मानेने 'जा' म्हटलं. "वस्ती ताईंचीच. महिना भरला की कायमचं करून टाकू."

"सुटलो, मॅडम," हेल्मेटवाला म्हणाला. "त्या चढाचं नाव काढलं तरी माझी गाडी खोकते." आणि जाता जाता काकूंना हळूच, "ताई, घरचे फार हुशार आहेत हो तुमच्या."

"हो ना," काकू म्हणाल्या. "त्याचंच तर भोगतेय."

दोघं घरी निघाले. लॅबपासून आमच्या इमारतीपर्यंतचा रस्ता थोडा चढाचा आहे. एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. काकूंच्या पायांत आता पायडल मारायचं त्राण नव्हतं, म्हणून त्या उतरून सायकल ढकलत होत्या. मेलेली बॅटरी पोटात असलेली ती सायकल म्हशीसारखी अडत होती. थेटरावांचा हात सवयीने मागच्या सीटकडे गेला.

"हात," काकू मागे न बघता म्हणाल्या.

थेटरावांनी हात काढून घेतला. आता त्याचं काय करायचं ते न कळून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आम्हाला गच्चीतून आणि फाटकातून जे दिसलं ते असं: बायको घामाने निथळत अवजड सायकल ढकलतेय, आणि शेजारून नवरा इस्त्रीच्या शर्टात, हात पाठीशी बांधून, सकाळचा फेरफटका मारत चाललाय.

"अहो काका," शंका काढणारा आमचा माणूस फाटकातून ओरडला, "जरा हात लावा की! लाज वाटू द्या थोडी!"

थेटराव थांबले. त्यांनी तोंड उघडलं. याचं उत्तर द्यायचं तर तेरा कप्प्यांपासून सुरुवात करावी लागणार होती आणि शेवट 'मी जोडली' इथे होणार होता. पंचवीस वर्षांत आम्ही पहिल्यांदाच पाहिलं की त्यांनी उघडलेलं तोंड काही न बोलता मिटलं.

फाटकाशी येऊन काकू धापा टाकत क्षणभर टेकल्या. मग त्यांनी मागच्या बाजूची रिकामी शीतपेटी सोडवली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"ही धरा," म्हणाल्या. "पेटीचं काही ठरलेलं नाही."

थेटरावांनी ती दोन्ही हातांनी, भरलेली असल्यासारखी, छातीशी धरली आणि जिना चढू लागले.